आधी माऊसवर हात बसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांसाठी संगणक वर्ग चालवणाऱ्यांना चार शब्द सांगावेसे वाटतात. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. सगळा हिशेब रोजमेळ-खतावणीत. निवृत्तीनंतर एका वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घेतलं : माऊसचे जनक डग्लस एंगलबार्ट, जाहीर प्रात्यक्षिक १९६८. तो हातात धरायचा कसा, ते मात्र राहूनच गेलं.

शिकवणारा मुलगा चुणचुणीत, पण ‘काका, डबल क्लिक करा’ यापुढं गाडी सरकेना. विंडोजमध्ये मुळात दोन टिचक्या अर्ध्या सेकंदाच्या आत पडाव्या लागतात. साठीपुढच्या बोटाला ते कुठून जमणार? फाइलच्या नावावर सावकाश दोनदा दाबलं की फाइल उघडायचं राहिलं बाजूला, तिचं नावच बदलायला तयार! मध्येच हात हलला तर फोल्डर शेजारच्या फोल्डरात गडप. एक बाई ‘माझ्याच्यानं व्हायचं नाही’ म्हणून यायच्याच बंद झाल्या. त्यांच्या माऊसचं सेटिंग बदलावं, हे कुणाला सुचलं नाही.

कंट्रोल पॅनेलात डबल क्लिकचा वेग कमी करता येतो. तिथंच एक फोल्डर दिलेला असतो, त्यावर टिचक्या मारून बघायच्या. तो उघडला की जमलं. बाण मोठा होतो. डावखुऱ्यांसाठी बटणं अदलाबदल होतात. ‘क्लिकलॉक’ लावलं तर ओढताना बटण दाबून धरावं लागत नाही. एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी फाइल उघडते, हे तर मला घरी नातवानं सांगितलं. माऊस उचलून टेबलाच्या मध्ये ठेवला तरी पडद्यावरचा बाण जागेवरच राहतो, हेही त्यानंच. आमच्यातले एक गृहस्थ टेबलाची कड आली की खुर्चीच सरकवून घ्यायचे!

सुरुवातीला टायपिंग राहू द्या, पत्ते खेळू द्या. विंडोजबरोबर १९९० पासून सॉलिटेअर यायचा. पत्ता धरायचा, ओढायचा, नेमक्या जागी सोडायचा, याचा सराव त्यात आपोआप होतो आणि चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. आमच्याकडे मात्र पत्ते उघडले की ‘इथं टाइमपास नको’. पत्त्यांच्या दिवसांचीही फी लावा हवं तर, आम्ही कुरकुर करणार नाही.

— एक निवृत्त दिवाणजी, विश्रामबाग, सांगली