माळवद उतरवायचं ठरवलंय

पुणे,
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आप्पा, चष्मा पुसून घ्या, आईला शेजारी बसवा आणि मोठ्यानं वाचा. मधलं गाळू नका. गाळलं की तिला कळतं, आणि मग मलाच फोन येतो, "काय लिवलीस गं, ह्यांनी दोन ओळी गिळल्या." फोनवर सांगणार होते, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणता आणि सोयाबीनच्या भावावर जाता.

आधी एक कबुली. महालक्ष्म्यांना माझ्याबरोबर आलेला माणूस सोलरवाला नव्हता, लातूरचा इंजिनिअर होता. आईनं त्याला दोनदा चहा पाजला, वर शेंगदाण्याचा लाडू दिला. तो बिचारा खोटं बोलून इतका अवघडला होता, की लाडू तसाच खिशात घालून गेला. आप्पा, तुम्हाला संशय आलाच होता. सोलरवाला भिंतीत सळई कशाला खुपसतोय, हे तुम्ही विचारलं नाही, पण लिंबाखालून बघत होता.

मधल्या खोलीच्या भिंतीत ती सळई वीतभर अशी गेली, जशी भिजल्या पोत्यात जावी. बाहेर भुसभुशीत माती आली. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मध्ये नुसता चिखल. दोन्ही अंगं धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. वर जाऊन त्यानं माळवदाची माती मोजली, दोन फुटांच्या वर भरली. आजोबांनी घातली तेव्हा कितीशी असेल? पुढं दरवर्षी मिरगाच्या आधी, गळतंय म्हणून आपणच वर पांढरी माती टाकत गेलो. मीही टोपल्या वाहिल्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला, सास्तूरला माणसं ह्याच ओझ्याखाली गेली. त्या पहाटेचं तुम्ही कधी काढत नाही, मीही काढणार नाही. तीस वर्षांहून जास्त झालं, तुम्ही थंडीतसुद्धा लिंबाखालच्या बाजेवर झोपता. ते गारव्यासाठी, असं आम्ही सगळे मानत आलो.

तर माळवद उतरवायचं ठरवलंय. औशाच्या गुत्तेदाराला इसारही देऊन झालाय. रागवा, पण पुढचं वाचा.

आई, आता तुझ्यावर येते. आखाडात तू न्हाणीत पडलीस ते मला आठ दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. फोनवर रोज "मला काय धाड भरलीय?" म्हणत होतीस आणि कंबरेला हळद बांधून पडून होतीस. मी तुझ्यावर चिडले नाही. म्हणजे चिडले होते, पण त्या रात्री मी आमच्या बाथरूमात उभी राहिले, तिथल्या दांडीला धरलं, आणि मला लाज वाटली. नवव्या मजल्यावर माझ्या हाताला दांडी आहे, आणि तू रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन, शेवाळलेल्या शहाबादीवरून परसात जातेस.

तीन वर्षं मी एकच हट्ट धरला, की पुण्याला या. आलातही. एकोणीस दिवस. आप्पा गॅलरीतून खालच्या गाड्या मोजायचे आणि आई दबक्या आवाजात विचारायची, "आपण इथं काय करलालाव वो?" मला ऐकू यायचं. वाटायचं, होईल सवय. आता नाही वाटत. म्हणून मी तो हट्ट सोडलाय. ह्याचा अर्थ मला तुम्ही नको झालात असा काढू नका. आई तसाच काढेल, म्हणून लिहून ठेवते. तुम्हाला घरातून हलवता येत नाही, म्हणून घरच हलवायला घेतलंय.

आता नीट सांगते काय काय होणार, कारण गावात कुणी काही सांगायच्या आत तुम्हाला माझ्याकडून कळावं.

दगडी भिंती पडणार नाहीत. मे महिन्यात त्या पत्र्याच्या खोलीची भट्टी होते आणि मधली खोली गार राहते, ती त्या रुंद भिंतींमुळं. इंजिनिअरसुद्धा म्हणाला, भिंत पाडायची गरज नाही, तिला बांधून घ्यायची गरज आहे. दर चार फुटांवर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरणार, आणि वर चारी भिंतींना मिळून काँक्रीटचा एक पट्टा घालणार, घागरीच्या गळ्याला काथ्या आवळावा तसा. छत हलकं, पफच्या पत्र्याचं. त्याच्या मध्ये फोमसारखा थर असतो, उन्हाची झळ आत येत नाही आणि पावसाचा ताशाही वाजत नाही. सागवानी तुळया विकायच्या नाहीत. गुत्तेदारानं विचारलं, "तुळया मला देता का, हिशेबात धरू," तेव्हाच मी ओळखलं की त्याच्यावर नजर ठेवावी लागणार. त्यांची ओसरीत बंगई करू आणि उरलेल्याचा आप्पांना रुंद पलंग. झोपा कुठंही, पलंग असू द्या.

न्हाणी आणि संडास तुमच्या खोलीला लागूनच. आप्पा, घरात संडास नको हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. त्याचं दार खोलीत न उघडता बोळात उघडेल आणि खिडकी परसाकडं, एवढं मी तुमच्यासाठी करून घेतलंय. कमोड बसका नाही, खुर्चीसारखा उंच, म्हणजे गुडघ्यांना त्रास नाही. फरशी खरबरीत. उंबरा नाही, नुसता उतार. दोन दांड्या, त्याही गिलाव्यात नाही, थेट भिंतीत बसवलेल्या. पाया मुरूम लागेपर्यंत खोल घ्यायला सांगितलाय. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, नाहीतर पहिल्या वर्षीच नव्या खोलीला चीर पडायची.

ओसरी जमिनीपासून दीड फूट वर आहे. फूटभर उंचीला बारा फूट उतार लागतो, म्हणजे अठरा फूट. अंगणात सरळ मावत नाही, तुळशीपाशी वळवून घेऊ. तुळस हलणार नाही. लिंबालाही कुणी हात लावणार नाही, हे मी गुत्तेदाराच्या कागदावर लिहून घेतलंय. तो हसला.

वायरिंग सगळी नवी, अर्थिंगसकट. गिझर हवाच आहे, आई, चुलवणावर हंडा आता पुरे, म्हणून धक्का जिवावर बेतायच्या आत वीज तोडणारं आरसीसीबीही बसवतोय. आणि सोलरचं खोटं अंगाशी राहू नये म्हणून तेही खरं करणार आहे. तीन किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान मिळतं. मीटर आप्पांच्या नावावर आहे, तेव्हा अर्जावर सही तुमची लागेल. छताचं पाणी टाकीत घेऊ. १००० चौरस फुटांवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला, तरी वाया गेलेलं सोडून पन्नास हजार लिटर हाती येतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा आई अंघोळीचं पाणी तुळशीला आणि भांड्यांचं म्हशीला देत होती. हे मला सांगावं लागू नये.

पैशाचं. "लेकीच्या पैशाचं घर" हे शब्द तुमच्या तोंडात आलेच असतील. आप्पा, माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला विहिरीकडचं दोन एकर गहाण पडलं, तेव्हा लेक-लेक कुणी केलं होतं का? आमच्या फ्लॅटचं कर्ज मार्चमध्ये फिटलं. ह्यांना विचारलंय. दादाशीही बोलले. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "फरशीचं मी बघतो." त्याला बघू द्या. घर तुमच्याच नावावर राहील. माझं नाव कुठंही लागणार नाही, पाटीवर तर नाहीच.

एक गोष्ट मात्र मी ठरवलेली नाही. मागच्या पडक्या सोप्याची जागा इंजिनिअरनं न्हाणीसाठी काढली होती. पाइप कमी लागतो, चाळीसेक हजार वाचतात. मी नकाशावर ते खोडलं. ती कमलआत्याची जागा आहे. तिथं काही करायचं का तशीच ठेवायची, तुम्ही सांगाल तेव्हा सांगा. नाही सांगितलंत तरी चालेल.

काम येळवशीनंतर सुरू करू. आंबील-भज्जी शेतात निवांत होऊ द्या. माळवद उतरवायचे आठ दिवस तुम्ही दोघं लातूरला मावशीकडं राहायचं. ह्यात तडजोड नाही. म्हशीचं मी बोलून ठेवलंय. आईनं मजुरांचा चहा करत बसायचं नाही, त्यांना त्यांचे पैसे मिळतात. आप्पांनी शिडीला हात लावायचा नाही, "नुसतं बघून येतो" असंही नाही. बीपीची गोळी सकाळी, जेवल्यावर नाही. गुत्तेदाराला रोख देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

आई, महालक्ष्म्या मधल्याच खोलीत बसतील, पूर्वेकडं तोंड करून. आणि छतातलं उजेडाचं भोक, आपलं सवणं, जाणार नाही. सवण्यातलं ऊन जात्यावर आलं की तू हाक मारायचीस, "उठ गं, शाळा भरली." आणि मी ती उन्हाची चकती मुठीत धरायला धावायचे. मला वाटायचं तू उन्हाला सांगून ठेवतेस. त्याच जागी पत्र्यात काच बसवायला सांगितलीय. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, ट्यूबलाइट आहे की." मी म्हटलं, काच बसवा. जातं हलवू नकोस, नाहीतर काच वेड्या जागी जाईल.

स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची तेवढी कळवायची राहिलीय. गुत्तेदार म्हणतो, सगळीकडं ३३ इंच घेतात. सगळीकडच्या बाया तुझ्याएवढ्या नाहीत. आप्पा, आईला भिंतीला टेकून ताठ उभं करा, हात कोपरात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार इंच आम्ही कमी करू, तुम्ही करू नका. चप्पल काढून. आणि ती टाचा उचलते, तिकडं लक्ष ठेवा.

तुमची,
संगी