धडधाकट संगणक भंगारात का?

महोदय,
विंडोज १० या संगणक प्रणालीचा नियमित आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून कॉलेज रोडवर चहाच्या टपरीवर तंत्रप्रेमी मंडळी विंडोज की मॅक यावर तावातावाने भांडतात. हौसेला मोल नाही, पण गरजूंचे काय? नव्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय संगणकात लागते, म्हणून सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमधला नीट चालणारा संगणक एकाएकी बाद ठरतो. त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली, तर इंटरनेट, ईमेल, लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमधली मराठी पत्रे सहज होतात. हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर मात्र विंडोजसाठी बनलेले, त्यामुळे हिशेबाचे यंत्र वेगळे ठेवावे लागेल; हेही स्पष्ट सांगायला हवे. टपरीवरच्या या जाणकारांनी रविवारी वर्कशॉपमध्ये जाऊन एवढे करून द्यावे.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक