दिवा कुणाचं ऐकतो

मस्कत,
शुक्रवार, सकाळ

प्रिय सुहास,

तुझ्या लँड क्रूझरच्या डिफ लॉकबद्दलचा निरोप पहाटेच ऐकला. तुम्ही चार तास पुढे, म्हणजे मी डोळे चोळत होतो तेव्हा तू गाडीखालून बाहेर येऊन हात धुतही असशील. फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून पत्रच लिहायला बसलो. आज सुट्टी आहे, पोरं झोपलीत, आणि तुझ्या त्या एका वाक्यानं मला स्वस्थ बसू दिलेलं नाही: "कंट्रोलर काढून टाकू, एक साधं टॉगल बसवू, काम खल्लास, असं इथला मेकॅनिक म्हणतोय."

नको रे. असं करू नकोस. कळकळीनं सांगतोय. डिफ एका एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतो, म्हणून एक चाक अधांतरी झालं की तेच नुसतं फिरत राहतं; लॉक त्या दोघांना एकत्र बांधतं. आणि हे लॉक कधी लावायचं, कधी नाही, हे ठरवणारा डबा म्हणजे तो कंट्रोलर.

माझी ८० सिरीज लँड क्रूझर घेतली तेव्हा तिच्यात नेमकं हेच करून ठेवलेलं होतं. आधीच्या मालकानं कुठल्याशा गॅरेजमधून मूळ वायरिंग तोडून सहा टर्मिनलचं टॉगल टाकलं होतं. वर केलं की मोटर लॉकच्या दिशेला, खाली केलं की उलटी. शेजारी नारिंगी दिवा. मी दोनदा टॉगल वर-खाली केलं, दिवा लागला, विझला, आणि मी खूश. त्याच महिन्यात आम्ही वादी बनी औफला गेलो. अल हमराकडून डोंगर चढून पलीकडे बिलाद सैतच्या बाजूला उतरतो तो रस्ता. रस्ता म्हणायचं एवढंच, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला सरळ दरी. तिथल्या एका वळणावर पावसानं चर पाडला होता. त्यात पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक एकाच वेळी अधांतरी झालं. लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) टाकलेली, पुढचा-मागचा एक्सल एकत्र बांधणारं सेंटर डिफ लॉक लागलेलं, त्याचा आणि टॉगलचा असे दोन्ही दिवे पेटलेले. मी निर्धास्तपणे ॲक्सिलरेटर दाबला. हवेतली दोन चाकं गरगर फिरली, जमिनीवरची दोन जागची हलली नाहीत आणि गाडी मागं सरकायला लागली. हँडब्रेक ओढून, मेधाला आणि पोरीला खाली उतरवून, चाकांमागं दगड लावेपर्यंत कडेपासूनचं अंतर हातभर उरलं होतं. टॉगलचा तो नारिंगी दिवा तेव्हाही पेटलेलाच होता.

घरी येऊन गाडीखाली आडवा झालो तेव्हा उलगडा झाला. दिव्याची वायर सरळ टॉगलवरून घेतलेली. टॉगल वर असलं की दिवा पेटणार. खाली एक्सलमध्ये काय झालंय याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि मागची मोटर कधीच जळून गेलेली. लॉकची दिशा देऊन टॉगल तसंच वर ठेवलं, की मोटर शेवटच्या टोकाला जाऊन अडते, पण करंट मात्र चालूच राहतो. अडलेली मोटर किती करंट खाते ते तुला मी काय सांगू, वाइंडिंगच्या वर्गात तू माझ्या पुढे होतास.

आता मूळ रचना काय होती ते बघ, म्हणजे मी का तळमळतोय ते कळेल. आपल्यासारख्या लॉकवाल्या ८० सिरीजच्या मागच्या आणि पुढच्या डिफवर एकेक छोटी डीसी मोटर बसवलेली असते. ती एक वर्म गिअर फिरवते, तो आतला फोर्क सरकवतो आणि फोर्क दात असलेली कॉलर ढकलून अर्ध्या शाफ्टला डिफच्या फिरत्या केसशी जोडतो. दोन्ही चाकं एक होतात. पण दात समोरासमोर येतीलच असं नाही ना? म्हणून मोटर आणि फोर्कच्या मधे एक चपटी गुंडाळलेली स्प्रिंग ठेवली आहे. दात अडले तर मोटर आपला प्रवास पुरा करून थांबते आणि स्प्रिंग पिळून ताणलेली राहते. पुढं चाकं थोडी कमी-जास्त फिरली की दात जुळतात आणि कॉलर खट्‌कन आत जाते. तो आवाज आणि सीटखाली जाणवणारा तो बारीकसा धक्का मला आजही फार आवडतो. ज्यानं ही स्प्रिंग योजली त्याला मनापासून दंडवत.

यात खबर देणाऱ्या दोन वेगवेगळ्या जागा आहेत, आणि सगळी मेख इथंच आहे. मोटरच्या आतले मर्यादा-स्विच सांगतात की मोटर टोकाला पोचली. एक्सलच्या हाऊसिंगवर वेगळा पोझिशन स्विच आहे, तो फोर्क खरोखर सरकला का ते सांगतो. डॅशवरचा दिवा या दुसऱ्या स्विचचं ऐकतो. नॉब फिरवल्यावर दिवा आधी लुकलुकतो, म्हणजे हुकूम गेलाय, अजून काम झालेलं नाही. लॉक लागलं की स्थिर होतो. माझ्या वळणावर हा दिवा असता तर लुकलुकत राहिला असता आणि मी ॲक्सिलरेटरला पायच लावला नसता.

आणि कंट्रोलर, ज्याला तुझा मेकॅनिक उगाच भानगड म्हणतोय, तो आणखी काय करतो? गाडी लो रेंजमध्ये, सेंटर लॉक लागलेली आहे का बघतो. वेग ताशी ८ किलोमीटरच्या खाली आहे का बघतो. मगच मोटरला करंट देतो आणि मर्यादा-स्विच बोलला की तोडतो. शिवाय आधी मागचं, मग पुढचं. नॉबवरचा क्रमही तसाच आहे: ऑफ, मग मागचं, मग दोन्ही.

आता तुझ्या दुखण्याकडे येतो. तू म्हणालास, मागचा दिवा लुकलुकतच राहतो पण मागचं लॉक लागलेलं जाणवतं. पुढचं मात्र अजिबात लागत नाही, म्हणून पुढची मोटर गेली असावी. सुहास, मला वाटतं तू चुकीच्या टोकाला पाना लावतोयस. माझ्या गाडीत मागचं लॉक लागल्याची खबर पोचल्याशिवाय कंट्रोलर पुढच्या मोटरला करंटच देत नाही. तुझं मागचं लॉक लागत असेल आणि दिवा तरी लुकलुकत असेल, तर मागचा पोझिशन स्विच नाहीतर त्याची वायर गेली आहे, आणि बिचारी पुढची मोटर हुकमाची वाट बघत बसली आहे.

तपासणं सोपं आहे. गाडी सपाट जागी घे, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड लाव, पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लाव. लो रेंज टाक, नॉब "मागचं" वर ने, आणि इग्निशन चालू पण इंजिन बंद ठेवून एक चाक हातानं फिरव. चाक जेमतेम हलून अडलं तर लॉक लागलंय; ते मोकळं फिरलं आणि दुसरं उलट दिशेला फिरलं तर लागलेलं नाही. मग पोझिशन स्विचचा कपलर काढ, स्विचच्या दोन पिनांवर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून लाव. माझ्याकडे लॉक लागल्यावर मीटर वाजतं, सुटल्यावर गप्प होतं. तुझं दोन्ही वेळेला गप्प राहिलं तर चोर सापडला. स्विच काढून त्याचा गोळा बोटानं दाबून बघ. चिखलानं आणि गंजानं तो बहुतेक आत अडकलेला असतो. साफ करून, तेल देऊन माझा परत चालू झाला. स्विच चांगला निघाला तर वायर बघ. एक्सल सारखा वर-खाली होतो, आणि वायर चॅसिसवरून एक्सलवर उतरते तिथंच आतून तुटते. वरून प्लॅस्टिक धडधाकट दिसतं आणि आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली असते. माझी तिथंच तुटली होती.

एवढं करूनही पुढचं लागलं नाही तर मग पुढची मोटर उघड. तिला आधी थेट बॅटरीवर लावून बघ, पण १० ॲम्पियरच्या फ्यूजमधून, आणि क्षणभरच. हलली नाही तर काढून घे. इतक्या वर्षांत आत पाणी गेलेलं असतं, मोटरच्या घरात चिकटवलेले चुंबकाचे तुकडे सुटून आर्मेचरला घासत असतात. नवी मोटर फार महाग मिळते. मी चुंबक साफ करून, मूळ जागेवरच्या खुणा बघून, उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीनं परत बसवले. चुंबक उलटसुलट बसवू नकोस, काढायच्या आधी मार्करनं खुणा कर. आणि मोटर परत बसवताना फोर्क पूर्ण सुटलेल्या टोकाला आहे का ते बघ. एक दात इकडचा तिकडे झाला तर लॉक अर्धवट लागतं, नाहीतर अर्धवट सुटतं. अर्धवट लागलेलं लॉक दात खातं.

समज, कंट्रोलर खरंच मेला असला, तरी टॉगल नको. मग दोन पाच-पायी रिले घे, तेच आपले नेहमीचे. दोन्हींचे ३० नंबरचे पाय (नंबर रिलेवर छापलेले असतात) मोटरच्या दोन वायरींना. दोन्हींचे ८७ए अर्थला. दोन्हींचे ८७ बॅटरीला, फ्यूजमधून, आणि फ्यूज बॅटरीजवळ, डॅशखाली नाही. एक रिले ओढला की मोटर लॉकच्या दिशेला, दुसरा ओढला की उलट, दोन्ही सोडले की मोटरची दोन्ही टोकं अर्थवर. चुकून दोन्ही ओढले गेले तरी दोन्ही टोकांना १२ व्होल्ट, म्हणजे मोटर हलणार नाही. आता त्या रिलेंच्या कॉईलचा करंट मर्यादा-स्विचमधून ने, म्हणजे टोकाला पोचताच रिले आपोआप सुटेल. आणि लॉकच्या रिलेचा करंट लो रेंजच्या स्विचमधूनही ने, म्हणजे डांबरी रस्त्यावर चुकून बटण दाबलं गेलं तरी काही होणार नाही. सोडण्याच्या रिलेला मात्र ही अट घालू नकोस, सुटायला कधीच आडकाठी नको. दोन्ही रिलेंच्या कॉईलवर एकेक डायोड उलटा टाक, पट्टीचं टोक प्लसला.

वायर जाड घे. समज, बॅटरीपासून मागच्या एक्सलपर्यंत ६ मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत, जाऊन-येऊन, दर ॲम्पियरमागं साधारण ०.१४ व्होल्ट जातात. मोटर सुरू होताना ती १० ॲम्पियरला गेली तर दीड व्होल्टच्या आसपास वाटेतच संपले. अडीच चौरसची घे आणि अर्थ एक्सलला न देता परत चॅसिसच्या घासलेल्या, साफ बोल्टवर आण. दिवा मात्र पोझिशन स्विचवरूनच. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, एवढं विसरू नकोस.

तू कॉईलवाल्या लॉकबद्दलही विचारलंस, ईटनच्या ई-लॉकरसारखं. त्याचं गणित वेगळं आहे. त्यात विद्युतचुंबक आहे. करंट असेपर्यंत लॉक, करंट गेला की आपोआप सुटतं. वायर तुटली, फ्यूज उडाला तर गाडी आपली साध्या डिफवर येते, हा त्याचा मोठा गुण. आपल्या मोटरवाल्यात तसं नाही. लॉक लागलेलं असताना वायर तुटली तर ते लागलेलंच राहतं, मग सकाळी इग्निशन फिरवलंस तरी. म्हणून तर आपल्याला खरा दिवा जास्तच हवा. कॉईलवाल्याच्या साध्या किटमध्ये दिवा बहुधा स्विचवरूनच येतो, त्यामुळे तिथंही "करंट गेला" एवढंच कळतं. चाकांत थोडा फरक पडल्याशिवाय ते लागत नाही, हे लक्षात ठेवावं लागतं. मला विचारशील तर धडधाकट एक्सल फोडून ते बसवायची काहीच गरज नाही. तुझं आहे ते मूळचं आहे आणि दुरुस्त होणारं आहे.

पुढचं लॉक दुरुस्त झाल्यावर एक पथ्य पाळ. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना पुढचं लॉक लावून ॲक्सिलरेटर दाबू नकोस. त्या वेळी सगळा जोर पुढच्या सांध्यांवर येतो, आणि पुढचा डिफ मागच्यापेक्षा लहान आहे, ८ इंचाचा, मागचा साडेनऊचा. आधी मागचं लाव. त्यानं निघालास तर पुढच्याला हात लावू नकोस. आणि महिन्यातून एकदा, गरज नसली तरी, मातीच्या रस्त्यावर दोन्ही लावून-सोडून बघत जा. न वापरल्यानं यांचे सांधे जेवढे आखडतात तेवढे वापरून झिजत नाहीत. मी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सीबच्या पलीकडे वाळूत जाऊन हे करतो. पोरगी आता मोठी झाली आहे, शेजारी बसून ती दिव्याकडे बघते आणि "स्थिर झाला" म्हणाली की मगच मी पुढं सरकतो.

मेधा आत पोह्यांची तयारी करतेय, उठायला हवं. तू उद्या मागच्या पोझिशन स्विचवर मीटर लाव, आणि लॉक लागलेलं असताना नि सुटलेलं असताना काय दाखवतं ते मला लिहून पाठव. कपलरचा फोटोही पाठव, दोन्ही बाजूंचा, वायरींचे रंग दिसतील असा. तोवर तुझ्या त्या मेकॅनिकच्या हातात पक्कड देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश