समाधान म्हणजे गप्प बसणं नव्हे

संपादक महोदय,

लबाडाची भरभराट होते आणि सचोटीचा माणूस मागे पडतो, हे पाहून कुणाचा विश्वास डळमळला की मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो : कुरकुर करू नकोस, समाधानी राहा. हा सल्ला अपुरा आहे. बायबलमधल्या ईयोब, यिर्मया, हबक्कूक यांनी हीच तक्रार थेट देवापुढे मांडली आणि शास्त्राने ती जपून ठेवली.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ७३वं स्तोत्र नीट वाचावं. त्याच्या २८ ओव्यांपैकी जवळपास निम्म्या तक्रारीच्या आहेत. दुष्टांची धष्टपुष्ट शरीरं, त्यांचा गर्व, आणि 'मी मन उगाच शुद्ध राखलं' हा सल. स्तोत्रकर्ता आसाफ काही लपवत नाही. पाय घसरण्याचं कारणही तो तिसऱ्या ओवीत स्वतःच सांगतो : हेवा. सतराव्या ओवीत तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि त्याला दुष्टांचा शेवट उमगतो. बरेच वाचक इथेच थांबतात, दुष्टांच्या पतनावर समाधान मानतात. ते टिकत नाही, कारण पतन लांबलं की हेवा परत येतो. खरं काम २१-२२ या ओव्यांत होतं. तिथे आसाफ स्वतःच्या कडवट मनाकडे पाहतो, देवापुढे आपण पशूसारखे होतो असं कबूल करतो. मग २३व्या ओवीत देवाने आपला उजवा हात धरला आहे, हे त्याला दिसतं. प्रार्थनेत हा टप्पा गाळू नये.

पण हेवा सोडणं म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. फिलिप्पै या शहरात ख्रिस्ताचे प्रचारक पौल आणि सीला यांना चौकशीविना छड्या मारून तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. सकाळी अधिकाऱ्यांनी 'सोडून द्या' असा निरोप धाडला. पौलाने गुपचूप निघून जायला नकार दिला : आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हाला चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. अधिकाऱ्यांना यावं लागलं. पुढे त्याच गावच्या मंडळीला पौलाने बंदिवासातून लिहिलं, की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या.

म्हणून फसवल्या गेलेल्या सभासदाला पाळकांनी आसाफची प्रार्थना जरूर शिकवावी. तो दाद मागायला निघाला, तर त्याला अविश्वासी न ठरवता कागदपत्रं जमवायला मदत करावी आणि त्याच्यासोबत जावं.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक