काकू, गाडी नावावर झाली!

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

काल कॅलिफोर्नियाच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून, पाकीट आलं. त्यात टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद होता. १९६७ सालची फोक्सवॅगन बीटल, मालकाच्या रकान्यात माझं नाव. तुम्हाला फोनवर सांगितलंच, पण हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. गाडीच्या कागदपत्रांचं सगळं काम मार्गी लावून तुम्ही फीचा एक डॉलर घेतला नाहीत, वर "मंडळात बोलू नकोस, उद्या रांग लागेल" असा दमही दिलात. तो दम आज मोडतोय. कारण गाडीचे फोटो बघून जो तो मला एकच विचारतो, "वाळवंटात टाकून दिलेली गाडी उचलून आणली तर चालतं का?" याचं उत्तर मला तुमच्याकडून मिळालं, तेव्हा ते तुमच्या नावावरच जमा व्हायला हवं.

गाडी कुठे सापडली ते इतरांसाठी सांगतो. ट्वेंटीनाइन पाम्सच्या पूर्वेला वंडर व्हॅली आहे, मोहावी वाळवंटात. १९३८च्या स्मॉल ट्रॅक्ट कायद्याखाली सरकारनं तिथे पाच-पाच एकरांचे तुकडे दिले होते, अट एवढीच की ठरलेल्या मुदतीत छोटं घर बांधायचं. लोकांनी हौसेनं खोपटी बांधली आणि पुढे उन्हापुढे हात टेकून निघून गेले. माझ्या ऑफिसातल्या मित्रानं असाच एक तुकडा घेतला. मोडक्या खोपटामागे, चाकं अर्धी वाळूत, ही उभी होती. मित्र म्हणाला, "जमीन माझी, गाडी तुझी. घेऊन जा."

मी आनंदानं ट्रेलर भाड्यानं ठरवायला निघालो आणि तुम्ही थांबवलंत. "जमीन विकत घेतली म्हणून तिच्यावरची गाडी त्याची झाली नाही, आणि जे त्याचं नाही ते तो तुला देणार कसा?" आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसताना कुणी शेत कसू लागला तर जे होतं तेच इथे होईल, असंही म्हणालात. एवढं एक वाक्य मला पुरलं. नशीब, जागा खासगी होती. सरकारी जमिनीवरच्या किंवा नॅशनल पार्कातल्या जुन्या खाणीशेजारच्या गाड्यांना तर हातही लावायचा नाही, पन्नास वर्षांवरचा सांगाडा तिथे ऐतिहासिक ठेवा म्हणून गणला जाऊ शकतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

मग इंटरनेटवरच्या शहाण्यांनी व्हरमाँटचा रस्ता सुचवला. पंधरा वर्षांहून जुनी गाडी तिथे टपालानं, टायटलशिवाय, परराज्यातल्या माणसालाही नोंदवता यायची. तुम्ही हसलात. ते दार २०२३मध्ये बंद झालं होतं. आणि उघडं असतं तरी तुम्ही मला तिकडे जाऊ दिलं नसतं, याची खात्री आहे. तुमच्या दुकानात आलेला माणूस आधी मालक शोधायला लागतो, फॉर्म नंतर!

डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, या गाडीचं काहीच सापडेना, कारण इतकी वर्षं नोंदणी न भरलेल्या गाडीचं रेकॉर्ड तिथे राहत नाही. पण ग्लव्ह बॉक्समध्ये रजिस्ट्रेशनची चिठ्ठी होती, उन्हानं वाळून पापडासारखी झालेली. तिच्यावर नाव आणि सॅन बर्नार्डिनोचा पत्ता वाचता येत होता. "पत्र टाक," तुम्ही म्हणालात. रजिस्टर्ड पोस्टानं, गाडीच्या फोटोसकट, आणि "आम्हाला गाडी हवी आहे" याच्याआधी "ही तुमची आहे का?" असं विचारून. ती वाक्यं तुम्ही मला अक्षरशः डिक्टेट केलीत.

उत्तर आलं. मालक वारले होते, पण मुलगी त्याच घरात राहते. १९८४च्या उन्हाळ्यात इंजिन धरलं म्हणून वडिलांनी गाडी खोपटामागे लावली, पुढे आई आजारी पडली आणि त्या जागेकडे जाणंच सुटलं. नंतर कर थकला आणि काउंटीनं जमीन विकली. गाडीचं काय झालं असेल, असं ती अधूनमधून बोलायची म्हणे. हे पत्र गेलं नसतं तर तिला कधी कळलं नसतं, आणि मी तिच्या वडिलांची गाडी बेवारस म्हणून मिरवत फिरलो असतो.

त्यानंतरचं काम तुम्ही ज्या सहजतेनं मार्गी लावलंत, ते पाहून आरटीओसमोर उभ्या असणाऱ्या एजंटांना शिकवणी लावावीशी वाटली. मालक जाऊन चाळीस दिवस उलटलेले असले की वारसाला प्रोबेटशिवाय, म्हणजे वारशासाठी कोर्टात न जाता, गाडी देता येते, त्यासाठी डीएमव्हीचा फॉर्म रेग ५. तिच्याकडून गाडी दिल्याचा लेखी कागद, बिल ऑफ सेल. टायटलचा अर्ज रेग ३४३, आणि गाडी कुठे, कशी, कुणाकडून मिळाली ते रेग २५६वर सरळ सांगणं. किंमत पाच हजार डॉलरच्या वर गेली असती तर बाँड, म्हणजे मालकीबद्दलची हमी, भरावा लागला असता. या गाडीच्या तळाला भोकं पडलेली असल्यानं तो प्रश्न उद्भवला नाही, हेही तुम्ही तितक्याच गंभीर चेहऱ्यानं सांगितलंत. आणि चालत नाही तोवर नोंदणीचा पूर्ण कर कशाला, म्हणून पीएनओ, म्हणजे गाडी रस्त्यावर आणणार नाही अशी नोंद. सगळे फॉर्म मात्र माझ्याच हातानं भरायला लावलेत.

चॅसी नंबरची गोष्ट तर लिहायलाच हवी. बीटलचा नंबर मागच्या सीटखाली, गाडीच्या मधोमध जाणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यावर ठोकलेला असतो, आणि बॅटरी तिथेच बाजूला बसते. सीट उचलली तर उंदरांनी कोपऱ्यापर्यंत चोया निवडुंगाचे काटेरी तुकडे रचून घर केलेलं. ट्रेलरवाल्यानं बजावलं, कोरडं झाडू नका, उंदरांच्या घाणीतून पसरणाऱ्या हंटाव्हायरसची भीती असते. ब्लीच मारून, भिजवून, मास्क लावून उपसलं. खाली लाल गंजाची खपली. मी वायरचा ब्रश उचलला आणि फोनवरून तुम्ही ओरडलात, "अजिबात नाही! घासल्याच्या खुणा दिसल्या की तपासणारा म्हणेल नंबर बदललाय." मग गंज सैल करणारं तेल, टूथब्रश आणि धीर. शेवटी खडू आडवा फिरवून फुंकर मारली, तसे पांढऱ्यात खोल आकडे उमटले: ११७ आणि पुढे सहा. ११ म्हणजे बीटल, ७ म्हणजे १९६७चं मॉडेल. नंबर तपासायला आलेला हायवे पट्रोलचा (महामार्ग पोलिसांचा) अधिकारी वाकून बघत राहिला, मग अंगठ्यानं खडू पुसून पुन्हा वाचलं आणि सही केली.

डीएमव्हीच्या काउंटरवरचा तरुण चॅसी नंबरचे सतरा आकडेच मागणार, हेही तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं. सतरा आकड्यांचा नियम १९८१पासूनचा, त्याआधी ज्या त्या कंपनीचा आपापला हिशेब. मी तुमचंच वाक्य म्हणून दाखवलं, त्यानं सुपरवायझरला विचारलं, काम झालं.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या नंबर प्लेट्ससाठी वेगळे आभार. मी त्या जमा करायला निघालो होतो. त्या काळाची जोडी असेल तर तीच पुन्हा गाडीला लावता येते, हे मला कुठून माहीत असणार! मागची जागेवरच होती. पुढची बंपरखालच्या वाळूत, जरा वाकलेली, हातानं चाळताना लागली.

आता यांत्रिक भाग. वाळवंटानं पत्रा बऱ्यापैकी राखला आणि रबर, रंग, काचेभोवतीची पट्टी सगळं खाल्लं. चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडून ठेवलंय. इंजिनची पुली अजून हटत नाही. पण घाई नाही. गाडी १९७६च्या आधीची असल्यानं स्मॉग टेस्टची, म्हणजे धुराच्या तपासणीची, कटकट तरी नाही.

त्या मुलीनं पैसे घेतले नाहीत, फक्त गाडी सुरू झाली की एकदा वंडर व्हॅलीपर्यंत चक्कर मागितली आहे. तुम्ही बरोबर हव्यात, असं तिचंही म्हणणं आहे, कारण पत्र कुणी सांगून लिहिलं ते तिला माहीत आहे. मागची सीट तोवर बसवून घेतो. उंदरांच्या काट्यांनी तिची स्प्रिंग सोडून काही शिल्लक ठेवलेलं नाही, तेव्हा कव्हरचा रंग कोणता ते तुम्हीच ठरवा.

काकांना नमस्कार.

आपला,
बीटलवाला