'निसर्गतः' कोणाची सही लागते?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लेख रविवारीच वाचला. त्याच दिवशी लिहायला बसले असते तर शब्द आवरले नसते, म्हणून एक रात्र जाऊ दिली. फारसा उपयोग झालेला नाही.

शाळेत 29 वर्षं जीवशास्त्र शिकवल्यामुळे हातात लाल पेन घेऊन वाचायची खोड आहे. त्या अर्ध्या पानात 'निसर्गतः' हा शब्द 11 वेळा आला. पुरुष निसर्गतः हुकूमत गाजवणारा, बाई निसर्गतः नमतं घेणारी, सबब बाहेरचं त्याने बघावं, घरातलं तिने, म्हणजे सगळं सुरळीत! लेखक महाशयांनी साक्षीला कोंबड्या आणि लांडगे आणलेत. दोन्ही साक्षीदार फितूर आहेत. कोण कोणाला टोचतं ही उतरंड 1920च्या दशकात नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डेरूप-एब्बे यांनी मांडली, ती कोंबड्यांची, म्हणजे माद्यांची आपापसातली. आणि लांडग्यांमधला 'अल्फा', म्हणजे टोळीवर दादागिरी करणारा, ज्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या 1970च्या पुस्तकामुळे जगभर गाजला, त्यांनीच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. ती दादागिरी दिसली होती एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी असलेल्या लांडग्यांत. आफ्रिकेतल्या ठिपक्यांच्या तरसांत तर माद्याच नरांवर वरचढ असतात (आपल्याकडचे पट्टेवाले ते हे नव्हेत, कृपया तसा फोटो छापू नये). त्यांच्याबद्दल लेखात चकार शब्द नाही. अर्थात तरसांकडे बघून मी संसार केला नाही, तेव्हा तेही सोडा.

मला सांगायचंय ते बँकेचं.

2001 साल. मुलगा चौथीत होता. चित्रकलेच्या स्पर्धेत त्याला 500 रुपयांचं बक्षीस मिळालं. चेक त्याच्या नावाचा, क्रॉस केलेला. म्हणजे खातं उघडणं आलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्याला घेऊन घराजवळच्या एका बँकेत गेले. काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन होतं, त्यातली रिफील संपलेली. माझ्या पर्समध्ये लाल पेन, ते चालत नाही असं काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. मागच्या गृहस्थांकडून निळं मागून घेतलं, फॉर्म भरला, सही केली. त्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी फॉर्म उलटा करून परत सरकवला.

"वडिलांची सही लागेल. ते नैसर्गिक पालक."

"ते बोटीवर आहेत."

"मग आले की या."

"मार्चमध्ये येतील."

"मार्चमध्ये या."

मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि अतिशय सौजन्याने तेच सांगितलं. मुलाने तिथेच मोठ्याने विचारलं, "आई, तू नैसर्गिक नाहीस?" केबिनबाहेरचे लोकसुद्धा हसले. मीही हसले. पार्ल्याच्या पुलावर येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

आता यजमानांबद्दल. ते मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते. नऊ-नऊ महिने बोटीवर, मग तीन-साडेतीन महिने घरी. अत्यंत सज्जन आणि भिडस्त माणूस. कोळणीपुढे पापलेटचा कल्ला उचलून बघायची त्यांची हिंमत नव्हती, ती देईल ते घेऊन यायचे. नासकी पिशवी परत करायला दूधवाल्याकडे मी जायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळतीचा विषय मी काढायचे आणि हे शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसायचे. आमच्या घरात हुकूमत कोणाची, हे बिल्डिंगच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं. यांनाही ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. लेखकाच्या हिशोबाने आम्हा दोघांपैकी नमतं घेणारं कोण, हे त्यांनीच ठरवावं.

तर हे मार्चमध्ये आले. दुसऱ्याच दिवशी त्यांना बँकेत नेलं. फॉर्म मी भरला. तो त्यांच्यापुढे ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कुठे करू?" मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली. खातं उघडलं. चेकची मुदत त्या काळी सहा महिने असायची, ती केव्हाच उलटून गेली होती. पहिले 500 रुपये मी माझ्या पगारातले भरले. पासबुकावर छापून आलं, नैसर्गिक पालक: वडील. ते पासबुक अजून कपाटात आहे.

माझा लेखकाला एवढाच प्रश्न आहे. स्वभाव बघून कामं वाटायची म्हणता ना? वाटा, माझी हरकत नाही. पण मग स्वभाव बघा तरी! त्या फॉर्मवर स्वभावाचा रकाना नव्हता. आई की बाप, एवढंच बघितलं. जन्मल्याबरोबर काम वाटून टाकायचं आणि कारण विचारलं की स्वभावाकडे बोट दाखवायचं, असा हा उलटा कारभार आहे. आणि बायका निसर्गतः नमत्या असत्या तर त्यांना दुसऱ्या नंबरला बसवायला कायदा कशाला लागला असता? पाण्याने उताराकडे वाहावं असं कलम कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हे कलम मात्र आहे. 1956चा हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनता) व पालकत्व कायदा, कलम 6: वडील, आणि त्यांच्या 'नंतर' आई. लेखिका गीता हरिहरन यांना मुलाच्या नावे रोखे घेताना रिझर्व्ह बँकेने 1984 मध्ये वडिलांची सही मागितली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1999 मध्ये निकाल लागला की 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असं नव्हे, त्यांच्या गैरहजेरीतही आई पालकच. म्हणजे मी बँकेत गेले तेव्हा निकालाला दोन वर्षं झाली होती! यजमान तेव्हा सिंगापूरच्या पुढे कुठेतरी होते. याहून गैरहजर माणूस कसा असतो? मला हा निकाल कळला तो पुढे कितीतरी वर्षांनी, वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंकडून. बँकेला कळला का, ते विचारायला गेले नाही.

सैन्याचंही तसंच. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेतृत्वाच्या जागा मागणाऱ्या महिला अधिकाऱ्यांचा खटला लागला, तेव्हा सरकारतर्फे एक मुद्दा असा होता की जवान बहुतांश ग्रामीण भागातले, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. न्यायालयाने तो फेटाळला. पण गंमत बघा, अडचण हुकूम देणारीची नव्हतीच, ऐकणाऱ्यांची होती. याला निसर्ग म्हणायचं की शिस्तीचा अभाव? माझ्या वर्गात असते तर बाकावर उभे केले असते.

जाता जाता एक. पादचारी पुलाच्या बंद दिव्यांबद्दलचं माझं पत्र तुम्ही मध्यंतरी छापलंत, त्याबद्दल आभार (दिवे अजून बंदच आहेत). पण मी नुसतं नाव लिहिलं होतं, तुमच्या टेबलावर कुणीतरी त्याआधी 'सौ.' जोडलं. यजमान जाऊन 11 वर्षं झाली. सकाळी साडेसातला नणंदेचा फोन, "वहिनी, आम्हाला काही कळवायचं राहिलंय का?" ती चेष्टेने म्हणाली, तिचा स्वभावच तसा. पण दिवसभर बिल्डिंगमध्ये खुलासे मला करावे लागले. बाईचं नाव आलं की पुढे काहीतरी लावल्याशिवाय तुमच्या उपसंपादकांना चैन पडत नाही का? परवाच्या लेखकाच्या नावाआधी तर काही नव्हतं. त्यांचं लग्न झालंय की नाही हे मला अजून माहीत नाही, आणि त्यावाचून लेख वाचायला काही अडलं नाही.

पत्राला 200 शब्दांची मर्यादा असते, हे माहीत आहे. मोजले, जवळजवळ चौपट झालेत. कात्री लावायची तर लांडग्यांना लावा, बँकेला नको. आणि या खेपेला नावाआधीची जागा मोकळी सोडावी.

सु. वि. क.
विलेपार्ले (पूर्व), मुंबई