वॉकरवर टॉवेल वाळतात

कुंभारी, सोलापूर

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, कॉलेजच्या फील्डवर्कला जिच्याकडे माहिती घ्यायला जातेस ती म्हातारी तोंडच उघडत नाही, फॉर्म अर्धाच राहिलाय. विड्या कारखान्यात द्यायची घाई होती, म्हणून नुसतं हं हं केलं. आता लिहिते.

आजीचा वॉकर आठवतो? तिची मांडी मोडली तेव्हा एका संस्थेची माणसं घेऊन आली. फोटो काढला, अंगठा घेतला, दहा मिनिटांत गेली. माणसं वाईट नव्हती गं. पण आपल्या मोरीचं दार अरुंद, वर उंबरा, वॉकर आत जाईना. अन् आजीला दिवसभर घोर एकच, मोरीपर्यंत जायचं कसं. ते कुणी विचारलंच नाही. शेवटी शेजारच्या मावशींनी खुंटीपासून मोरीपर्यंत सुताची जाड दोरी बांधली. ती धरून आजी वर्षभर मोरीत जात राहिली. वॉकरवर अजून माझे टॉवेल वाळतात.

सुट्टीत तू वाचून दाखवलं होतंस, ट्रॉन्टो नावाच्या अमेरिकन बाईंनी काळजी घेण्याबद्दल १९९३ साली लिहिलेलं: लक्ष जाणं, जबाबदारी घेणं, काम नीट करता येणं, आणि ज्याची काळजी घेतली त्याला ती पोचली का ते बघणं. पहिली तीन कुणीही म्हणेल. शेवटचं मला पटलं. आपण हजार विड्या बांधतो, पण सैल की घट्ट ते ठरवतो घेणारा.

आणि असल्या फॉर्मांत मदत घेणाऱ्याला लावतात तो ‘लाभार्थी’ शब्द. २००६ साली इथं विडी कामगार बायकांना १०,००० घरं मिळाली, ती कुणाला दया आली म्हणून नव्हे. मोर्चे काढले, पोटाला चिमटा काढून आपला वाटा भरला. त्या शब्दानं माझं डोकं अजून फिरतं.

एक तुला कधी सांगितलं नाही. आजीचं करताना एकदा मी तिच्यावर फार खेकसले. कामानं माझी पाठ मोडली होती, विड्या राहिल्या होत्या. ती गप्प बसली. मग म्हणाली, “तू जेवलीस का?” कोण कुणाची काळजी घेत होतं, सांग बरं.

तुझ्या फील्डवर्कच्या त्या म्हातारीकडे एकदा फॉर्म न घेता जा. शेंगा फोडत असेल तर तूही फोडू लाग. बोललीच, तर त्यातलं काय लिहू आणि काय नको, ते तिलाच विचार. मॅडम ओरडल्या तर ओरडू देत.

एसटीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवते. भाकरी तिला चावायची नाही. चटणी दे, पण आधी तिखट चालतं का बघ.

तुझी आई